मिशन ट्रिपवर बोअर मारायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेतल्या मलावी देशात बोअर मारायच्या सेवेसाठी मी आजवर तीनदा जाऊन आलो. दर वेळी निघायच्या महिनाभर आधी गटातली नवी माणसं तेच प्रश्न विचारतात आणि मी तीच उत्तरं देतो, म्हणून आता एकदाच लिहून ठेवतोय. मी भूजलतज्ज्ञ नाही आणि पाळकही (चर्चचा धर्मगुरू) नाही. रॉड जोडणं, चिखल ढवळणं आणि ड्रिलरच्या शिव्या खाणं एवढाच माझा अनुभव. त्या हिशेबानेच वाचा.

आम्हाला बोअर मारता येत नाही. मग आमचा तिथे उपयोग काय?

रिगवर, म्हणजे बोअर मारायच्या यंत्रावर, तरी फारसा नाही. बोअर मारतो तो तिथलाच ड्रिलर आणि त्याचे दोन-तीन मदतनीस. त्यांनी शेकडो बोअर मारलेल्या असतात आणि तुम्ही नसतात तेव्हाही ते मारतच असतात. तुमच्या वाट्याला येतं ते अंगमेहनतीचं काम: पाणी वाहून आणणं, खड्डे खणणं, बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमातीची पावडर) कालवणं, रॉड पुढे करणं, दर मीटरला निघालेल्या चुऱ्याचा नमुना ओळीत मांडणं, खडी चाळणं, ओट्याचं काँक्रीट कालवणं. पहिल्या ट्रिपला मी मनात म्हणत होतो की आपण गावाला पाणी द्यायला चाललोय. तिसऱ्या दिवशी कळलं की ड्रिलरच्या लेखी मी म्हणजे रोज दोन वेळा ज्याला सावलीत बसवावं लागतं असा एक मजूर.

गटात नर्स, प्लंबर, गवंडी, शाळामास्तर किंवा हिशेब नीट ठेवणारं कुणी असेल तर गोष्ट वेगळी. गवंड्याचा हात ओट्याला लागला की ओटा पुढे वर्षानुवर्षं तडकत नाही. शाळामास्तर मुलांना हात धुवायला शिकवतो ते आमच्यापेक्षा दसपट बरं.

मग विमानाचं तिकीट काढण्यापेक्षा तेच पैसे पाठवले तर?

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात. मोठ्याने विचारायला हवा. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत हापशासकट एका बोअरला काही हजार ते पंधरा हजार डॉलरच्या घरात खर्च येतो. दहा जणांच्या गटाचा विमानप्रवास, विमा, लशी, गाडी, मुक्काम सगळं मिळवलं की त्याच रकमेत आणखी एक बोअर सहज बसते, कधी दोन. नुसतं पाणी मोजायचं असेल तर पैसे पाठवणं केव्हाही चांगलं.

मी तरीही जातो. का, याचं सरळ उत्तर द्यायचं तर माझ्या स्वतःसाठी जातो. परत आल्यावर आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) हापशाच्या दुरुस्तीचा निधी सुरू झाला आणि तो आजही चालू आहे, तो आम्ही जाऊन डोळ्यांनी पाहिल्यामुळे. पण ट्रिपचा खर्च ‘गावाच्या पाण्यासाठी’ म्हणून गोळा करू नका. ट्रिपचा वेगळा, बोअरचा वेगळा, आणि पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा तिसरा असे तीन हिशेब मंडळीपुढे ठेवा. तिसरा रकाना रिकामा असेल तर ट्रिप पुढे ढकला.

एका बोअरला किती दिवस लागतात?

मऊ जमिनीत, सगळं सुरळीत चाललं तर चार ते सहा दिवस. खडक लागला की रिगच दुसरी लागते. कठीण पाषाणात कंप्रेसरवर चालणारा हॅमर हवा, आणि तो आला की स्वयंसेवकांनी लांब उभं राहून बघायचं, एवढंच काम उरतं. आम्ही जातो ते मलावी सरोवराच्या काठच्या गाळाच्या पट्ट्यात. तिथे छोटी मड रोटरी रिग चालते, म्हणूनच आमच्यासारख्यांना जवळ येऊ देतात.

पहिला दिवस खड्ड्यांचा. बोअरच्या जागेशेजारी दोन खड्डे खणायचे आणि त्यांना चराने जोडायचं. बेंटोनाइट कालवलेला पातळ चिखल पंपाने रॉडमधून खाली जातो, बीटच्या (रॉडच्या टोकाला जमीन कापणारं अवजार) तोंडातून बाहेर पडतो आणि कापलेला चुरा घेऊन रॉडच्या बाहेरून वर येतो. पहिल्या खड्ड्यात चुरा बसतो, दुसऱ्यातून निवळ चिखल पुन्हा पंपात. चिखल पातळ झाला तर बोअरच्या भिंती ढासळतात, घट्ट झाला तर पाण्याचा थरच लिंपून जातो. तो मोजायला एक नरसाळं असतं. ठरावीक मापाचं साधं पाणी त्यातून २६ सेकंदांत उतरतं. आमचा ड्रिलर चिखल ३५ ते ४० सेकंदांवर ठेवायचा. नरसाळं हरवलं त्या दिवशी तो बोटं बुडवून सांगत होता आणि सापडल्यावर मोजलं तर ३७ भरलं.

मग रॉडमागे रॉड. दर मीटरला हातात आलेला चुरा प्लास्टिकच्या कागदावर ढीग करून मांडायचा: लाल माती, करडा गाळ, बारीक वाळू, पुन्हा चिकणमाती. ३१ व्या मीटरला ड्रिलरने चिमूटभर चुरा दातांखाली धरला, थुंकला आणि पहिल्यांदाच हसला. दातांखाली कचकच वाजली म्हणजे भरड वाळू, आणि भरड वाळूत पाणी असतं. चिकणमाती असती तर दातांना चिकटली असती. आम्ही सगळ्यांनी ते करून पाहिलं. मला काहीच कळलं नाही.

खोली झाली की केसिंग, म्हणजे बोअरच्या भिंतींना आधार देणारे पाइप, उतरवायचं. वाळूच्या थरासमोर फटी पाडलेले पाइप आणि बाकी सगळे सपाट. पाइपाभोवती चाळलेली बारीक खडी, तिच्यावर चिकणमातीचा थर आणि वरच्या काही मीटरमध्ये सिमेंट, म्हणजे जमिनीवरचं घाण पाणी केसिंगच्या कडेने खाली झिरपत नाही. मग फ्लशिंग. आत उरलेला चिखल आणि बारीक वाळू बाहेर येऊन पाणी नितळ होईपर्यंत हवा मारत राहायचं. पाण्याचा पहिला फवारा उडतो तेव्हा सगळे नाचतात आणि फोटो काढतात. ते पाणी गढूळ असतं, पिण्याजोगं नसतं, आणि काम निम्मंच झालेलं असतं.

जागा कोण ठरवतं? तिथेही पाणाड्या असतो का?

पाणाडे जगभर आहेत, युरोपातही दुबेळकं घेऊन फिरणारे आहेत. गाळाच्या सपाट पट्ट्यात जमिनीखाली बहुतेक ठिकाणी पाणी असतंच, त्यामुळे तिथे कुणाचीही काडी वळते आणि त्याचं नाव होतं. खडकाळ भागात मात्र भेगा नेमक्या कुठे आहेत ते शोधावं लागतं. त्यासाठी जमिनीत वीज सोडून रोध मोजायची पद्धत वापरतात. तो सर्व्हे आपण पोचायच्या आधी झालेला हवा.

त्याहून नाजूक गोष्ट वेगळीच आहे. जागा संडासापासून किमान ३० मीटर लांब आणि चढाच्या बाजूला हवी, पुराच्या वाटेत नको, आणि कुणाच्या खासगी कुंपणात तर मुळीच नको. आमच्या एका गावात गावप्रमुखाने स्वतःच्या अंगणाशेजारची जागा दाखवली. आम्ही पाहुणे, गप्प बसलो. संध्याकाळी यजमान संस्थेच्या स्थानिक कार्यकर्तीने गावातल्या बायकांची वेगळी बैठक घेतली आणि सकाळी जागा दीडशे मीटर सरकलेली होती. आत काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात इसहाकाचे चाकर विहीर खणतात आणि गुराखी येऊन ‘पाणी आमचं’ म्हणून भांडतात. त्या विहिरीचं नाव एसेक, म्हणजे भांडण. पुढची सिटना, म्हणजे वैर. तिसरीवर कुणी भांडलं नाही तेव्हा कुठे रहोबोथ, मोकळी जागा. जागा ठरण्याआधी हा अध्याय वाचा असं मी प्रत्येक गटाला सांगतो.

पाणी लागलंच नाही तर?

कोरडी जाते. गावाने आधीच जेवण रांधलेलं असतं. भोक बुजवायचं, जागा साफ करायची, आणि दुसऱ्या जागेसाठी पैसे राखून ठेवलेले असतील तर पुन्हा सुरुवात. परत आल्यावर मंडळीपुढे साक्ष देताना ही बोअर गाळू नका. लोक यशाच्याच गोष्टी सांगतात आणि पुढच्या गटाला वाटतं की कोरडी गेली म्हणजे आपलीच श्रद्धा कमी पडली. श्रद्धेचा इथे काही संबंध नाही, चिकणमातीचा आहे.

काही चुकलं तर किती नुकसान होऊ शकतं?

माझ्या हातून झालेलं सांगतो. दुसऱ्या ट्रिपला बोअर ३८ मीटरवर होती. रॉड सोडवून मी पाइप पाना रिगच्या टेबलावर ठेवला आणि घाम पुसायला वळलो. टेबलावर ओला चिखल होता. पाना घसरला, कडेला एकदा टण् वाजला आणि गेला आत. कुणी काही बोललं नाही. दोरीला चुंबक बांधून पाच तास मासेमारी केली; दोनदा काहीतरी लागलं आणि दोनदा सुटलं. बीटखाली लोखंड असताना पुढे मारता येत नाही. शेवटी रिग तीन मीटर बाजूला सरकवून पहिल्या फुटापासून पुन्हा सुरू केलं. अडीच दिवस आणि बेंटोनाइटच्या कितीतरी पिशव्या माझ्यापायी वाया गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर प्रत्येक हत्याराला दोरी बांधलेली होती आणि बोअरच्या तोंडावर झाकायला पत्रा ठेवला होता. ड्रिलरने मला त्याबद्दल आजवर एक शब्द ऐकवलेला नाही, आणि ते जास्त लागलं.

दुसरी नेहमीची चूक रात्रीची. काम थांबवताना बोअर तोंडापर्यंत चिखलाने भरलेली ठेवावी लागते. पातळी रात्रीतून उतरली तर भिंत आत बसते. म्हणून कुणीतरी आळीपाळीने जागतं राहायचं आणि वरून भर घालायची. तरुण मुलांना ही पाळी फार आवडते, पहिल्या रात्री तरी.

रिगवर काय घालायचं, काय टाळायचं?

हेल्मेट, जाड तळाचे बूट, कानात बोळे, डोळ्यांवर चष्मा. ओढणी, सैल बाही, गळ्यातला क्रूस, मोकळे केस यातलं काहीही फिरत्या रॉडजवळ नको. हातमोजे रॉड उचलताना हवेत, रॉड फिरत असताना नकोत. मोजा अडकला की त्याच्यामागून हात जातो. डोक्यावर विजेची तार आहे का ते रिग उभी करण्याआधी बघा. आणि हुकूम एकाचाच, ड्रिलरचा. ‘थांब’ मात्र कुणीही ओरडलं तरी मशीन थांबलं पाहिजे.

बायका-मुलींनी रिगवर काम करायचं का?

करायचं. प्रश्न निघतोच म्हणून लिहिलं. घरात पाणी नसलेल्या दर १० घरांपैकी ७ घरांत पाणी आणायचं काम बायका आणि मुलींवर असतं, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा २०२३ चा अहवाल सांगतो. वीस लिटरचा कॅन म्हणजे डोक्यावर वीस किलो. तो उचलणारीला रॉड उचलता येत नाही असं म्हणणाऱ्याने एकदा तो कॅन डोक्यावर घेऊन अर्धा मैल चालून दाखवावं. आम्ही प्रयत्न केला होता. गावातल्या अमायी (आईला किंवा मोठ्या बाईला तिथे असं म्हणतात) पोट धरून हसल्या.

पाणी आलं की लगेच प्यायचं का?

नाही. आधी पंपिंग चाचणी: काही तास सलग उपसा करून पातळी किती खाली जाते आणि किती वेळात परत वर येते ते बघायचं. हापसा किती खोल बसवायचा ते यावर ठरतं.

मग क्लोरीन. इथे नवखे लोक हमखास घोळ करतात, कारण पावडर बघून हात सैल सुटतो. हिशेब असा. केसिंगचा आतला व्यास १० सेंटिमीटर आणि आत ३० मीटर पाणी उभं असेल तर ते साधारण २३५ लिटर भरतं. लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन हवं, म्हणजे एकूण १२ ग्रॅमच्या आत. पावडरीत ६५ टक्के क्लोरीन असेल तर लागते फक्त १८ ग्रॅम. आमच्यातल्या एकाने अर्धी बादली कालवली होती. रात्रभर, निदान बारा तास, तसंच ठेवायचं आणि मग वास जाईपर्यंत उपसून टाकायचं. ती पावडर उन्हात तापलेल्या बंद गाडीत, डिझेलच्या कॅनशेजारी ठेवू नका. आग लागू शकते.

क्लोरीनने जंतू मरतात, पण आर्सेनिक आणि फ्लोराइड जात नाहीत. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून जुलाबाने मरणारी मुलं वाचवायला लाखो कूपनलिका बसवल्या गेल्या. हेतू चांगलाच होता, आणि जुलाबापुरता उपायही. १९९० च्या दशकात कळलं की त्यातल्या कितीतरींच्या पाण्यात आर्सेनिक आहे आणि लोक वर्षानुवर्षं ते पीत आलेत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आर्सेनिकसाठी लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आणि फ्लोराइडसाठी १.५ मिलिग्रॅम आहे. पूर्व आफ्रिकेत ग्रेट रिफ्ट व्हॅलीच्या पट्ट्यात फ्लोराइडची भीती जास्त. जंतूंच्या चाचणीत १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई-कोलाय निघता कामा नये. प्रयोगशाळेचा कागद हातात येईपर्यंत हापशाचं दांडकं साखळीने बांधून ठेवायचं. समोर उभ्या असलेल्या माणसांना हे सांगणं फार जड जातं. तरीही.

एक बोअर किती लोकांना पुरते?

मलावीत सरकारी हिशेब एका बोअरमागे २५० माणसांचा आहे. आणीबाणीच्या मदतकार्यात जगभर वापरलं जाणारं स्फिअर हे मापदंडांचं पुस्तक हापशामागे जास्तीत जास्त ५०० माणसं धरतं, तेही मिनिटाला १७ लिटर येत असतील तर. त्या वेगाने वीस लिटरचा कॅन भरायला सत्तर सेकंद लागतात, आणि कॅन बदलणं, धुणं, गप्पा धरल्या तर दोन मिनिटं. पहाटे चारला रांग का लागते ते यावरून कळेल.

कुठला हापसा बसवतात?

त्या देशात ज्याचे सुटे भाग मिळतात तोच. तुमच्या ओळखीतला इंजिनिअर कितीही भारी पंप सुचवो. मलावीत अफ्रिडेव्ह. १९८० च्या दशकात मलावी आणि केनियातच तो घडला, आणि गावातल्याच माणसाला मोजक्या पान्यांनी उघडता यावा हीच त्याच्यामागची कल्पना. साधारण ४५ मीटरपर्यंत तो चालतो. इतर कित्येक देशांत इंडिया मार्क २ दिसतो, आणि त्याची हकिगत मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी.

१९६० च्या दशकात महाराष्ट्रातल्या दुष्काळी भागात मिशनच्या लोकांकडे बोअरच्या रिगा होत्या. बोअर व्हायची, पण वर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप एका घरासाठी बनलेले असत. अख्खं गाव त्यांवर तुटून पडलं की ते मोडायचे. जालन्याच्या मिशनमधल्या आणि सोलापूरच्या विहीर-कामातल्या लोकांनी मग पोलादाचे दणकट हापसे घडवले. जालना पंप आणि सोलापूर पंप या नावांनी ते ओळखले गेले. त्यांच्याच आधारावर १९७० च्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रूडास यांनी मिळून इंडिया मार्क २ तयार केला. आज तो आफ्रिकेच्या खेड्यांतही आहे. त्या मिशनांनी मारलेल्या बोअरचा हिशेब आज कुणी सांगत नाही, पण हापसा राहिला.

एक खबरदारी. आंबट, म्हणजे कमी पीएचच्या पाण्यात जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप लवकर गंजतात. पाणी लाल येतं, कपड्यांना डाग पडतात, रांधलेलं करपट लागतं. मग बायका निमूटपणे पुन्हा तळ्यावर जातात आणि हापसा ‘चालू’ असूनही कुणी त्याला हात लावत नाही. अशा जागी स्टेनलेस स्टील किंवा पीव्हीसी पाइपच हवेत.

असे हापसे दोन-तीन वर्षांत बंद पडतात म्हणे. खरं का?

बरेच पडतात. ग्रामीण पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या आरडब्ल्यूएसएन या जागतिक गटाने २००९ मध्ये काढलेला अंदाज होता की सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतले ३६ टक्के हापसे चालत नाहीत. तिथल्या रस्त्यावरून एक दिवस गाडीने फिरलात तर दांडकं नसलेले, वेलींनी झाकलेले हापसे स्वतःच मोजता येतील. त्यातल्या काहींच्या ओट्यावर क्रूस कोरलेला असतो.

बहुतेक वेळा आत पाणी असतंच. गेलेलं असतं एक रबरी सील, जे खिशात मावतं. ते कुठे मिळतं ते कुणाला ठाऊक नाही, किंवा ज्याला ठाऊक आहे तो शहरात गेलाय, किंवा पाणी समितीचा पैसा खजिनदाराकडून कुणाच्या तरी मयतीला खर्च झालाय. मी मयतीबद्दल तक्रार करत नाही, गावाचा तोच एक रोख पैसा असतो.

म्हणून आता आमच्या गटाचा नियम: बोअर मारण्याआधी पाणी समिती, आणि समितीत निम्म्याहून जास्त बायका. हापसा बसवल्यावर समितीने तो आमच्यासमोर पूर्ण उघडायचा, सील बदलायचं, परत बसवायचं, आणि आम्ही हात मागे बांधून उभं राहायचं. हे फार अवघड जातं. पहिल्यांदा त्यांना चार तास लागले, दुसऱ्यांदा दीड. परिसरात फिरता मेकॅनिक असेल तर त्याचे पैसे ठरवून द्यायचे, आणि सुटे भाग विकणारं जवळचं दुकान समितीला स्वतः जाऊन बघायला लावायचं. आम्ही भाग भेट म्हणून देत नाही. एकदा दिले होते, पुढच्या वर्षी गेलो तर डबा सीलबंद आणि हापसा बंद. कुणाला वाटलं होतं की डबा आमचा आहे.

सुवार्ता कधी सांगायची?

रांगेत उभ्या असलेल्या माणसाला नाही. ज्याला पाणी हवंय तो तुमचं सगळं ऐकेल आणि मान हलवेल, त्याला दुसरा इलाजच नाही. रेड क्रॉस आणि इतर संस्थांनी १९९४ मध्ये घालून घेतलेल्या आचारसंहितेतही म्हटलंय की मदतीचा वापर एखाद्या राजकीय किंवा धार्मिक मताच्या प्रसारासाठी करायचा नाही. यावर आमच्या गटात दर वेळी वाद होतो. माझं मत असं: स्थानिक मंडळी आहे, तिचा पाळक आहे, त्याला चिचेवा ही तिथली भाषा येते आणि तो उद्याही तिथेच असणार आहे. रविवारी उपासनेला बोलावलं तर जा, गाणी म्हणा, विचारलं तर साक्ष द्या. बोअरजवळ सकाळची प्रार्थना आपापसात करा. योहानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू विहिरीवर येतो तो काही द्यायला नव्हे. तो थकून बसतो आणि शोमरोनी बाईकडे पाणी मागतो, आणि ती ऐकवते की विहीर खोल आहे आणि तुझ्याकडे पोहराही नाही. चिखलाने माखून तिथल्या कुणाकडे तरी पाणी मागितल्यावर मला तो अध्याय निराळाच वाटायला लागला.

गावात मुसलमान कुटुंबं असतील तर?

सरोवराच्या दक्षिण काठी याओ लोक पुष्कळ आहेत आणि त्यांतले बहुतेक मुसलमान. बोअर सगळ्यांची. हे लेखी करारात हवं, आणि जागा चर्चच्या आवारात नको. समितीत त्यांची माणसं असलीच पाहिजेत.

लशी, औषधं?

डॉक्टरकडे निदान सहा आठवडे आधी जा. हिवतापाच्या गोळ्या चुकवू नका. परत आल्यावरही काही दिवस घ्यायच्या असतात आणि तिथेच लोक सोडतात. टायफॉइड, हेपटायटिस ए, धनुर्वात बघून घ्या. पिवळ्या तापाचा दाखला लागेल की नाही ते तुम्ही वाटेत कुठल्या देशात थांबता त्यावर ठरतं. २०१६ पासून तो दाखला जन्मभर चालतो. सरोवर कितीही निळंशार दिसलं तरी पोहू नका, त्यात बिलहार्झियाचे जंतू आहेत. २०२२-२३ मध्ये मलावीत कॉलराची मोठी साथ आली आणि १,७०० हून अधिक माणसं दगावली, तेव्हा हात धुण्याचा धडा तिथल्या मुलांइतकाच आपल्यालाही लागू.

व्हिसा आणि परवानग्या?

‘टुरिस्ट व्हिसावर जाऊ, कोण विचारतंय’ असं करू नका. बऱ्याच देशांत बिनपगारी सेवाही कामात धरतात. बोअरची सरकारी परवानगी, रिगचे कागद, जमीनमालकाची संमती हे यजमान संस्थेचं काम, पण निघण्याआधी प्रती मागून घ्या. टाळाटाळ झाली तर थांबा.

कुठल्या महिन्यात जावं?

कोरड्या दिवसांत. मलावीत पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पावसात रस्ते जातात, आणि भरल्या पातळीवर मारलेली बोअर ऑक्टोबरात धोका देते.

मुलांना खाऊ, कपडे, खेळणी न्यावीत का?

नको. गाडीतून गोळ्या उडवणारे गट मी पाहिलेत आणि गाडीमागे धावताना पडलेलं मूलही पाहिलंय. द्यायचंच असेल तर शाळेच्या मास्तरांना विचारून, त्यांच्या हातून. फोटोही विचारून काढा. गढूळ पाणी पिणाऱ्या मुलाचा फोटो तर नकोच. तुमच्या मुलाचा तसा फोटो परदेशातल्या एखाद्या भिंतीवर लावलेला तुम्हाला चालेल का? ‘झिकोमो’ म्हणजे धन्यवाद आणि ‘माद्झी’ म्हणजे पाणी, एवढे दोन शब्द घेऊन उतरलात तरी पुष्कळ ओळखी होतात.

हापशावर देणगीदारांच्या नावाची पाटी लावायची का?

पाटी हवी, नाव नको. दुरुस्तीला येणाऱ्या मेकॅनिकला देणगीदार कोण याच्याशी काही देणंघेणं नसतं. केसिंग किती मोठं, सिलिंडर (हापशाचा खाली पाण्यात राहणारा भाग) कुठे लटकतोय हे ठाऊक नसलं तर त्याचा अर्धा दिवस जातो. ओट्याचं काँक्रीट ओलं असतानाच खिळ्याने कोरायचं, रंग उडतो. आमच्या शेवटच्या ओट्यावर स्थानिक भाषेत एवढंच आहे: खोली ४४ मीटर. पाणी १२ मीटरवर. सिलिंडर ३० मीटर. अफ्रिडेव्ह. महिना आणि साल. खाली मेकॅनिकचा नंबर, आणि त्याने तो बदलला तर कोरायला म्हणून मुद्दाम मोकळी ठेवलेली एक ओळ.